फुटबॉलच्या सिनेमात बॉल जितका कमी, तितका सिनेमा बरा

जादा_वेळ (धागाकर्ता), रात्री ११:४०

२००६ च्या वर्ल्ड कपची फायनल, फ्रान्स विरुद्ध इटली. ९ जुलै, आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. मी मामाच्या गावी होतो. ओसरीवर टीव्ही काढलेला, समोर आठ-दहा पोरं आणि मागे भिंतीला टेकून मामा. ऑफसाइड म्हणजे काय हे त्याला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही. झिदानची पेनल्टी आडव्या दांडीला लागून आत पडली, मातेरात्सीनं हेड मारून बरोबरी केली, नव्वद मिनिटं संपली, जादा वेळ सुरू झाला आणि लाइट गेली. भारनियमनाचे दिवस होते, त्यामुळे शिव्यासुद्धा कुणी मनापासून दिल्या नाहीत. मामीनं कंदील लावला.

आमच्यात एकाकडेच मोबाइल. त्यानं पुण्याच्या भावाला फोन लावला. पलीकडून भाऊ किंचाळला, "अरे, झिदाननं हेड मारलं!" आम्ही ओसरी डोक्यावर घेतली. गोल! भाऊ तिकडून बोंबलतोय, "गोल नाही रे! त्याच्या छातीत मारलं, छातीत!" कुणाच्या छातीत, कशाला, काही कळेना. मामा म्हणाला, "मारलं असंल कायतरी बोलला म्हणून." लाइट आली तेव्हा लाल कार्ड मिळालेला झिदान मान खाली घालून ट्रॉफीच्या शेजारून आत चाललेला होता. बास, तेवढंच दिसलं. पुढच्या पेनल्ट्या नीट पाहिल्या, इटली जिंकली, पण त्यातलं फारसं काही लक्षात नाही. नंतर मातेरात्सीच्या छातीत डोकं मारल्याचा तो प्रसंग यूट्यूबवर पन्नास वेळा तरी पाहिला असेल. तरी माझ्या डोक्यातली फायनल कंदिलातलीच.

हे आठवायचं कारण म्हणजे गेले दोन-तीन महिने रात्री जागून फुटबॉलवरचे मिळतील ते सिनेमे पाहतोय. आणि माझं असं ठाम मत झालंय की फुटबॉलच्या सिनेमात बॉल जितका कमी दिसेल तितका सिनेमा चांगला.

क्रिकेटचं बरं असतं. बॉलर मागे जातो, बॉल पँटला घासतो, बॅट्समन ग्लोव्ह्ज सारखे करतो, फील्डर हलतात. दिग्दर्शकाला प्रत्येक बॉलला आयता कट मिळतो. फुटबॉल वाहतं पाणी आहे. त्यातली मजा बावीस माणसं कशी सरकतात यात असते, आणि नटाच्या चेहऱ्याजवळ कॅमेरा नेला की नेमकं तेच दिसेनासं होतं. मग उरतं काय, तर गुडघ्याखालचे पाय (ते नटाचे नसतात हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल), हवेत तरंगणारा गोलकीपर, हलणारी जाळी आणि गॅलरीत डोळे पुसणारी आई.

'एस्केप टू व्हिक्टरी' घ्या, १९८१ चा, महायुद्धातल्या कैद्यांच्या जर्मनांविरुद्धच्या मॅचचा. त्यात खुद्द पेले आहे, बॉबी मूर आहे, आर्दिलेस आहे. मैदानावरच्या चाली पेलेनं बसवल्या, तसं श्रेयही त्याला दिलंय. आणि गोलकीपर कोण, तर सिल्व्हेस्टर स्टॅलोन! मला हा सिनेमा जीव तोडून आवडतो. पण मॅच खरी वाटते का? पेले बॉल घेऊन निघाला की समोरचे जर्मन हार घालून घ्यायला वाकलेल्या नवरदेवासारखे जागच्या जागी थांबतात. जगातला सगळ्यात मोठा खेळाडू घेऊनही जे जमलं नाही ते आपल्या नटांना दोन महिन्यांच्या ट्रेनिंगमध्ये कुठून जमणार?

आता उलटी उदाहरणं.

'ऑफसाइड', २००६ चा, जाफर पनाहीचा. इराणमध्ये बायकांना पुरुषांची मॅच पाहायला स्टेडियममध्ये जाता येत नसे. काही मुली मुलांचे कपडे घालून आझादी स्टेडियममध्ये घुसू पाहतात आणि पकडल्या जातात. त्यांना स्टेडियमच्याच वरच्या अंगाला लोखंडी कठड्यात उभं करतात. आवाज पूर्ण ऐकू येतो, मैदान दिसत नाही. मग एक शिपाई फटीतून बघून त्यांना मॅच सांगायला लागतो आणि पोरी त्याच्या चुका काढतात! एकीला बाथरूमला जायचंय, आणि तिथे बायकांचं बाथरूमच नाही. म्हणून शिपाई खेळाडूच्या पोस्टरला डोळ्यांजागी भोकं पाडून त्याचा मुखवटा तिला बांधतो आणि घेऊन जातो. याचं चित्रीकरण २००५ च्या खऱ्या इराण-बहारीन मॅचच्या दिवशी केलंय. ती मॅच जिंकून इराण वर्ल्ड कपला गेला. म्हणजे निकाल उलटा लागला असता तर सिनेमाचा शेवटच बदलला असता. असा जुगार खेळणाऱ्या दिग्दर्शकाला दंडवत.

दुसरा 'द कप', १९९९ चा. दिग्दर्शक ख्येन्त्से नोर्बू हे स्वतः लामा. हिमाचलातल्या बीरच्या मठात काढलाय आणि काम करणारे बहुतेक जण खरे भिक्खूच. १९९८ ची फायनल पाहायची म्हणून पोरं वर्गणी काढून टीव्ही आणि डिश भाड्यानं आणतात. पैसे कमी पडतात तेव्हा तिबेटातून नुकत्याच आलेल्या एका छोट्या पोराचं घड्याळ गहाण ठेवतात. आणि ऐन मॅचमध्ये लाइट जाते. मग ही पोरं काय करतात, तर भिंतीवर हातांच्या सावल्यांचा खेळ. मी सोफ्यावरून उठून उभाच राहिलो. अरे, ही तर आमची ओसरी!

गाण्यांबद्दलही माझं जवळपास हेच म्हणणं आहे, पण बायकोनं दिवा घालवायला सांगितलंय. तुम्हाला कुठला सिनेमा आवडला ते लिहा. भांडलात तरी चालेल.

---

वाचनमात्र, रात्री ११:५८

झकास. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

तांबडा_पांढरा, सकाळी ७:१२

कोल्हापूरचा असून या धाग्यावर पहिला प्रतिसाद माझा नाही ही शरमेची गोष्ट आहे. रुमाल टाकून ठेवतो. दुकान उघडायचंय, संध्याकाळी येतो.

---

पंच_शिट्टीवाला, सकाळी ९:०५

धागाकर्त्याशी साफ असहमत. 'मैदान' पाहिला नाहीत का? की पाहून सोयीस्कर विसरलात?

त्यातली १९६२ च्या एशियाडची फायनल थिएटरात पाहताना मी खुर्चीचा हात धरून बसलो होतो. कॅमेरा गवतातून फिरतो, बॉलच्या उंचीवरून, आणि पासचा वेग जाणवतो. मुळात ती मॅचच अशी होती की कुणी लेखक लिहील तर लोक म्हणतील, फेकू नको. जकार्तात लाखभर लोक आपल्या विरोधात. कारण इस्रायल आणि तैवानला बोलावलं नाही यावर आपल्या जी. डी. सोंधींनी आक्षेप घेतला होता, त्याचा राग. जर्नेल सिंग मूळचा बचावपटू, डोक्याला टाके पडलेले, त्याला प्रशिक्षक रहीमसाहेब पुढे खेळवतात आणि तो त्याच डोक्यानं गोल करतो. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, एक जर्नेलचा. कोरिया २-१ नं हरलं. रहीमसाहेबांना कॅन्सर होता, पुढच्याच वर्षी गेले. एवढं सगळं असताना बॉल दाखवायचा नाही तर काय जकार्तातल्या रिकाम्या खुर्च्या दाखवायच्या?

आणि तो सिनेमा पूर्ण करताना त्यांचे काय हाल झाले तेही बघा. आधी कोविडनं शूटिंग बंद पाडलं, मग २०२१ मध्ये तौक्ते वादळानं मुंबईतला सेट उडवला. २०२४ उजाडलं पडद्यावर यायला. एवढा जादा वेळ तर फिफापण देत नाही.

---

जादा_वेळ, सकाळी ९:४०

@पंच_शिट्टीवाला, 'मैदान'मधली फायनल चांगली आहे, मान्य. माझ्या नियमाला पडलेलं ते सर्वांत मोठं भोक आहे. पण एक विचारतो, प्रामाणिकपणे सांगा. तुम्हाला त्यातला कुठला क्षण आठवतो? मला रहीमसाहेब हातात सिगरेट घेऊन एकटे उभे असतात तो. बॉल नाहीच.

---

पंच_शिट्टीवाला, सकाळी ९:४३

मला गोलकीपर थंगराज आठवतो. आता बोला.

---

संत्रा_बर्फी, सकाळी १०:३०

नागपूरची असल्यामुळे 'झुंड'वर बोलणं माझं कर्तव्य आहे. आणि गंमत म्हणजे धागाकर्त्याचं म्हणणं 'झुंड'ला चपखल बसतं.

आठवा, बच्चन पहिल्यांदा या पोरांना बघतो तेव्हा काय दिसतं? धो धो पाऊस आणि पोरं प्लास्टिकचा डबा लाथाडतायत. बॉल नाहीच! ज्यांच्यावरून ते पात्र घेतलंय ते विजय बारसे सर आमच्या हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवायचे. त्यांनी २००१ मध्ये नागपुरात झोपडपट्टी फुटबॉल सुरू केलं. सरांनी पाहिलेली पोरं तर मोडकी बादली घेऊन खेळत होती.

पूर्वार्धात कॉलेजच्या पोरांबरोबरची मॅच आहे, टाळ्या-शिट्ट्या सगळं आहे. माझ्या शेजारचा बुवा मध्यंतरात म्हणाला, "आता पुढं काय दाखवते? मॅच त झाली." आणि पुढचा सगळा सिनेमा कशाचा, तर परदेशी स्पर्धेला जायला लागणाऱ्या पासपोर्टचा! पोलीस व्हेरिफिकेशन, दाखला, फोटो, या खिडकीवरून त्या खिडकीवर. पुष्कळ लोकांना तो भाग लांबला असं वाटलं, तीन तासांचा सिनेमा आहे. मला वाटतं तीच खरी मॅच होती. आम्ही स्वतः मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी एका कार्यालयात सात चकरा मारल्यात, त्यामुळे मी तर त्या खिडकीवर गोल झाल्यासारखी ओरडले होते. शेवटी विमान भिंतीवरून जातं, आणि भिंतीवर काय लिहिलंय ते पाहिलेल्यांना आठवत असेल.

नागराजनं त्यात नागपूरची भाषा नागपूरसारखी ठेवली याबद्दल त्याला सात खून माफ. आणि अजय-अतुलनं जयंतीच्या मिरवणुकीला जो ठेका धरलाय, तो ऐकून थिएटरात मागच्या दोन रांगा उठून नाचत होत्या. कुणी बसा म्हटलं नाही.

---

दोन_मिनिटं_फक्त, सकाळी १०:५१

सॉकर की फुटबॉल ते एकदा ठरवा. माझा अमेरिकेतला पुतण्या सॉकर म्हणतो म्हणून त्याला मी जेवायला वाढत नाही.

---

मर्सीकाठी, दुपारी १:१५

@दोन_मिनिटं_फक्त, पुतण्याला वाढा. सॉकर हा शब्द इंग्रजांचाच. असोसिएशन फुटबॉलमधल्या 'असोसिएशन'चं ऑक्सफर्डच्या पोरांनी केलेलं लाडाचं नाव. अमेरिकेनं तो जपला आणि इकडचे आता नाकं मुरडतात.

मी लिव्हरपूलला पाच वर्षं आहे, त्यामुळे गाण्यांवर बोलायचा हक्क राखून ठेवते. धागाकर्ते बायकोला घाबरून झोपले, तर मीच सुरुवात करते.

अ‍ॅनफील्डवर, म्हणजे लिव्हरपूलच्या स्टेडियममध्ये, सगळे उभे राहून जे गातात, 'यू'ल नेव्हर वॉक अलोन', ते फुटबॉलचं गाणं नाहीच. १९४५ च्या 'कॅरोसेल' या अमेरिकन संगीतिकेतलं आहे, नवरा गेलेल्या बाईची समजूत काढताना गायलेलं. १९६३ मध्ये इथल्याच जेरी अँड द पेसमेकर्सनं ते रेकॉर्ड केलं आणि पहिल्या नंबरावर गेलं. तेव्हा मॅचच्या आधी मैदानावर त्या आठवड्याची टॉप टेन गाणी लावायचे. ऐकून ऐकून लोक गायला लागले. मग गाणं टॉप टेनमधून उतरलं, पण लोक गायचे थांबले नाहीत.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारी साधारण माझ्या सासऱ्यांच्या वयाचे एक आजोबा होते. मफलर दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरायचा असतो. माझ्याकडे मफलर नव्हता. त्यांनी काही न बोलता आपल्या मफलरचं एक टोक माझ्या हातात दिलं. गाणं संपल्यावर टोक परत घेतलं आणि पुढची नव्वद मिनिटं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खास इंग्लिश माणूस.

---

बेसूर_पण_जोरात, दुपारी २:०२

आता माझं क्षेत्र आलं!

फुटबॉलसाठी मुद्दाम बनवलेली गाणी आणि फुटबॉलवाल्यांनी पळवलेली गाणी अशा दोन जाती आहेत. मुद्दाम बनवलेल्यातली बरीचशी आता कुणाला आठवतही नाहीत. पळवलेली मात्र टिकतात.

ठळक उदाहरण 'सेव्हन नेशन आर्मी'. व्हाइट स्ट्राइप्सचं २००३ चं रॉक गाणं, फुटबॉलशी काडीचा संबंध नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेल्जियमच्या क्लब ब्रुगाचे लोक मॅचसाठी मिलानला गेले होते. तिथल्या बारमध्ये हे वाजत होतं. त्यांनी शब्द टाकून दिले आणि फक्त ती सात सुरांची ओळ 'ओ ओ ओ' करत स्टेडियमात नेली. ब्रुगानं मिलानला त्यांच्याच घरात १-० हरवलं. मग गाणं ते कसलं सोडतात! २००६ मध्ये रोमाचे लोक ब्रुगाला गेले, तिथं ऐकून घरी घेऊन आले, आणि त्याच उन्हाळ्यात इटली वर्ल्ड कप जिंकली तेव्हा सगळा देश 'पो पो पो' करत होता. धागाकर्त्याच्या ओसरीवर लाइट गेली नसती तर त्यालाही ऐकू आलं असतं.

'वाका वाका' म्हणाल तर ते बनवलेलं खरं, पण त्याचा गाभा कॅमेरूनच्या गोल्डन साउंड्सचा, 'झांगालेवा', १९८६ चा. शकिरानं २०१० मध्ये घेतला. आमच्या सोसायटीच्या गणपतीत दर वर्षी तीन पोरी त्यावर नाचतात. त्यातल्या एकीचा तर २०१० मध्ये जन्मही झाला नव्हता.

आणि चॅम्पियन्स लीगचं ते अंगावर काटा आणणारं? टोनी ब्रिटननं १९९२ मध्ये केलं, हँडेलच्या 'झेडॉक द प्रीस्ट'वरून. हँडेलनं ते १७२७ मध्ये इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकासाठी लिहिलं होतं. आता त्यावर बावीस माणसं चड्डीत उभी असतात.

---

पंच_शिट्टीवाला, दुपारी २:२०

अवांतर फार होतंय. धागा सिनेमाचा आहे की ऑर्केस्ट्राचा?

---

बेसूर_पण_जोरात, दुपारी २:२१

पिवळं कार्ड दाखवलं का? दाखवा.

---

मडगांवकर, दुपारी ३:४५

देव बरें करूं. गोव्याचं नाव अजून कुणी काढलं नाही म्हणून आलो.

पंचांनी १९६२ सांगितलं, मी १९५६ सांगतो. मेलबर्न ऑलिंपिक. नेव्हिल डिसोझा, मुंबईत खेळणारा आमचा गोंयकार. यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि आपण ४-२ नं जिंकलो. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. सेमीफायनलला युगोस्लाव्हियाविरुद्धसुद्धा पहिला गोल त्यानंच मारला, मग चार खाल्ले ते सोडा. याच युगोस्लाव्हियानं चार वर्षांपूर्वी हेलसिंकीत आपल्याला १०-१ धुतलं होतं, तेव्हा आपले बरेच जण अनवाणी खेळले होते. म्हणजे बघा, चार वर्षांत केवढा पल्ला.

नेव्हिलवर सिनेमा काढावा. आणि धागाकर्त्या, तुझ्या नियमानंच काढावा. कारण त्या हॅटट्रिकची फिल्म कुणी डोळ्यांनी बघितलीय? आमच्या घरात ती आजोबांच्या तोंडून ऐकली. दर खेपेला गोल वेगळा. कधी डाव्या पायानं, कधी हेडरनं. आजी आतून ओरडायची, "काल तर उजव्या पायान मारिल्लो!"

---

पुरणपोळी_एफसी, दुपारी ४:३०

'ऑफसाइड'चं नाव पाहून थांबले. तो सिनेमा पाहिल्यावर मी दोन दिवस कुणाशी नीट बोलले नव्हते. २०१९ मध्ये सहर खोदायारीनं, जिला ब्लू गर्ल म्हणतात, स्टेडियममध्ये घुसल्याच्या खटल्यावरून स्वतःला पेटवून घेतलं. ती गेली त्याच्या पुढच्याच महिन्यात इराणी बायकांना तिकीट काढून आझादीत बसू दिलं. कंबोडियाला त्या दिवशी १४ गोल पडले. पनाहीनं हसत हसत जे दाखवलं होतं त्याचा शेवट इतका भयाण होईल असं वाटलं नव्हतं.

आपल्याकडे दार बंद नाही, पण दारात उभं राहून लोक बघतात तेवढं पुरतं. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्यांचा वर्ल्ड कप भारतात झाला. नवी मुंबईत डी. वाय. पाटीलला सेमीफायनल होती, स्पेन-माली. मी आणि मुलगी गेलो. पुढच्या रांगेतला माणूस दर दहा मिनिटांनी वळून माझ्या मुलीला ऑफसाइड समजावत होता. ती शाळेच्या टीममध्ये लेफ्ट बॅक खेळते. तिनं तीनदा "हो काका" म्हटलं. मग मालीच्या एका पोरानं लांबून असा फटका मारला की बॉल वरच्या दांडीला लागून रेषेच्या आत पडून बाहेर आला. रेफरीनं गोल दिला नाही. काका म्हणाले, "बरोबर आहे, लाइनवर होता." ती म्हणाली, "काका, आत होता." घरी जाताना ट्रेनमध्ये मोबाइलवर पाहिलं. चांगला आत होता. "ते काका आत्ता पाहिजे होते," हे वाशीपासून ठाण्यापर्यंत चाललं.

स्पेन ३-१ जिंकलं. पण जादा_वेळ, तुमच्या नियमात हा गोल कुठे बसतो? झाला पण आणि नाही पण.

---

जादा_वेळ, सायंकाळी ५:१०

@पुरणपोळी_एफसी, हा प्रसंग जसाच्या तसा लघुपट आहे. काका, मुलगी आणि लोकल. मैदान दाखवायचंच नाही.

@संत्रा_बर्फी, पासपोर्टच्या खिडकीवर गोल, हे फारच पटलं. मी 'झुंड'च्या उत्तरार्धाला कंटाळलो होतो, आता परत पाहणार.

@मडगांवकर, आजोबांची हॅटट्रिक!

कुणीतरी केरळचा विषय काढेल अशी वाट बघत होतो. 'सुडानी फ्रॉम नायजेरिया' बघितला नसेल तर आज बघा. मलप्पुरमकडे सात-सातच्या टीमचं फुटबॉल चालतं, तात्पुरत्या गॅलऱ्या बांधून. बाहेरून आफ्रिकन खेळाडू आणतात आणि तो कुठल्याही देशाचा असो, गाव त्याला सुडानीच म्हणतं. असा एक नायजेरियन पोरगा जखमी होऊन मॅनेजरच्या घरी खाटेवर पडतो. आणि मग सिनेमा कुणाचा होतो, तर त्याची सेवा करणाऱ्या दोन म्हाताऱ्यांचा. भाषा कळत नाही, कुणाचं काही अडत नाही.

---

तांबडा_पांढरा, रात्री ९:२५

आलो. दुकान बंद करून, जेवून, निवांत.

भावांनो आणि ताईंनो, तुम्ही इराण, इटली सगळं फिरून आलात. कोल्हापुरात या. इथं संघांची नावं युनायटेड, सिटी अशी नसतात. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. तालीम म्हणजे कुस्तीचीच, लाल मातीची. त्याच तालमींनी फुटबॉलच्या टीमा उभ्या केल्या. म्हणजे आजा आखाड्यात आणि नातू शाहू स्टेडियमवर, दोघंही एकाच तालमीचे. याच गावचा अनिकेत जाधव २०१७ च्या त्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळला, ताईंच्या प्रतिसादावरून आठवलं.

वर्ल्ड कप आला की निम्मं गाव ब्राझील आणि निम्मं अर्जेंटिना. चौकात एवढी डिजिटल लागतात की पाहुण्याला वाटावं मेस्सी नगरसेवकाला उभारलाय. २०२२ ची अर्जेंटिना-फ्रान्स फायनल, ३-३ आणि मग पेनल्ट्या, आमच्या गल्लीत दोन सख्खे भाऊ वेगवेगळ्या मंडळात बसून बघत होते. फ्रान्सचा कोण नव्हताच. ब्राझीलवाला भाऊ तेवढ्यापुरता फ्रेंच झालेला.

आणि गाणं म्हणाल तर आमच्याकडं हलगी-घुमकं. कुस्तीला वाजतं तेच. हलगीवाला बॉल बघत नाही, माणसं बघतो. माणसं उठायला लागली की तो हात वाढवतो. अ‍ॅनफील्डच्या ताईंनी एकदा ऐकावं, मफलर लागत नाही.

आता मुद्द्याचं. १९२९ मध्ये प्रभात कंपनी सुरू झाली ती आमच्या गावात, पुण्याला नंतर गेली. म्हणून सिनेमावर बोलायचा आम्हाला जन्मसिद्ध हक्क आहे. मला पेठेच्या फुटबॉलवर सिनेमा काढायला दिला तर मी स्टेडियमात कॅमेरा नेणारच नाही. आत्याच्या स्वयंपाकघरात लावीन.

माझी आत्या स्टेडियमच्या जवळच राहते. चाळीस वर्षं झाली लग्न होऊन, आयुष्यात एकदाबी आत गेलेली नाही. पण हंगामात दुपारी तिच्याकडं बसा. भाकरी थापता थापता सांगते, "कॉर्नर मिळाला." तुम्ही विचारा कशावरून, तर म्हणते, "आवाज चढला न्हाई, नुसता उभा राह्यला." गोल झाला तर कुठल्या बाजूच्या गॅलरीतनं आवाज आला त्यावरनं कुणाचा तेबी सांगते. मी एकदा मोबाइलवर लाइव्ह लावून तपासलं. मोबाइल पाऊण मिनिट मागं होता. आत्या बरोबर होती. नेटवाल्यांनी तिच्याकडनं शिकावं.

मॅच संपताना एक वेगळा आवाज येतो, तो आला की ती उठून खिडकी लावून घेते. राड्याची तयारी. आणि फोन करून पोरांना सांगते, मागच्या गल्लीनं या.

---

संत्रा_बर्फी, रात्री ९:३१

आत्यांना सलाम. हा सिनेमा झालाच पाहिजे.

---

पंच_शिट्टीवाला, रात्री ९:४४

ठीक आहे. 'मैदान' आणि आत्या, दोन्ही. याच्या पुढे मी सरकणार नाही.

---

वाचनमात्र, रात्री ९:५०

'द कप' कुठे बघायला मिळेल? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

जादा_वेळ, रात्री १०:०५

@तांबडा_पांढरा, मी 'ऑफसाइड'मधल्या त्या शिपायाबद्दल एवढं लिहिलं आणि तुमच्या आत्यांना शिपाईसुद्धा लागत नाही. माझं एक काम करा. त्यांना विचारा, पेनल्टी चुकल्याचा आवाज कसा येतो? त्या रात्री ओसरीवर फ्रान्सच्या त्रेझेगेची हुकली तेव्हा आमच्याकडे कुणाला काही सुचलंच नव्हतं.

---

तांबडा_पांढरा, रात्री १०:३८

आत्ताच फोन केला. झोपली होती, शिव्या खाल्ल्या. म्हणाली, "कुणाची चुकली त्येच्यावर हाय की. आपल्याची चुकली तर आमच्या बाजूची भांडी घासल्याली ऐकू येत्यात."

मग विचारलं, एवढ्या रात्री हे कुणाला पाहिजे? मी सांगितलं, इंटरनेटवरच्या लोकांना. म्हणाली, "रविवारी जेवायला बोलव त्यास्नी. मॅच हाय."